मोगऱ्याखालची तार

समस्त जनहो, सावधान होऊन ऐका! राळ जळल्याचा वास आला की मला भूममधली रेडिओ जुळवणाऱ्या मित्राची ओसरी आठवते. त्या रेडिओची जमिनीत पुरलेली तार ओली राहिली तरच आवाज स्वच्छ येई, म्हणून ती मोगऱ्याच्या बुडाशी होती आणि पाणी मित्राची बायको घाली. रेडिओ तिलाच हवा होता. ती वारून महिना झाला होता. मित्र खाली मान घालून, राळ लावून तारांना कथलाचा डाग देत होता. दारूबंदी नवी होती, ओसरीवर जमलेले आम्ही दोस्त शिंदीच्या नुसत्या आठवणी काढत होतो. “तुझा डबा बोलंल तवा शिंदी मिळंल!” मी म्हणालो. कुणी हसलं नाही. जिभा तेवढ्या चालत होत्या, बाकी सगळं बधिर. इतक्यात डब्यातून बाजारभाव खरखरले. वाळका मोगरा मला आजही दिसतो. मित्र हरखून स्वयंपाकघराकडं ओरडला, “अगं, बोलला! मोगऱ्याला तांब्याभर पाणी घाल की, लई खरखरतोय!”