धाकट्या काकांची चूल

देवाच्या प्रेमात आकंठ बुडालेला आणि व्यवहारात ठणठणीत कोरडा असा माणूस आमच्या धाकट्या काकांसारखा गोरेगावच्या मुलखात दुसरा झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाप्तिस्मा घेऊन ते मिशनचे उपदेशक झाले आणि दिसेल त्या वस्तूत त्यांना त्रैक्य, म्हणजे बाप, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव, सापडू लागलं. धान कांडायला बसलेल्या बायांना थांबवून सांगायचे, "तूस, कोंडा, तांदूळ! तीन, पण दाणा एकच!" विडा मागावा तर पान, चुना, सुपारी मिळून विडा एकच, हे सांगून होईपर्यंत तो तोंडात पडायचा नाही. कोणी विचारलं, "देव एकटाच काऊन नाही जी?" तर म्हणायचे, "एकटा असता त जग नव्हतं तवा पिरेम कोणावर केलं असतं? बापाचं लेकावर, लेकाचं बापावर, आन त्या दोघांतलं पिरेम म्हणजे आत्मा!" घ्या आता!

पण काकांचा जीव ज्यांच्यावर होता ते त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे बाबा, बाप्तिस्म्यापासून त्यांच्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हते. दर सणाला काका जेवायला बोलवायचे. बाबा "पाहू" म्हणून तोंड फिरवायचे. काकू तरी ताट वाढून ठेवायची आणि संध्याकाळी ते गाईपुढे जायचं.

बाजाराच्या दिवशी काका तीन दगडांची चूल मांडून वर भाताची हंडी चढवायचे. भात शिजेपर्यंत देव समजावायचा, मग भात वाटायचा. निम्मे श्रोते भाताचेच, हे काय सांगायला हवं! एकदा रंगात येऊन "तिघांतला एक काढून पाहा!" म्हणताना त्यांचाच पाय लागला, दगड सरकला आणि हंडी कलली. मीठ घ्यायला आलेले बाबा गर्दीतून धावले. उघड्या हातांनी हंडी सावरली, पायानं दगड जागेवर सारला आणि कडाडले, "काऊन रे, चूल मांडता येत नाही तुले, आन देव मांडून राहिला!"

बाजार हसून लोटपोट झाला. काका मात्र बाबांच्या बोटांकडे बघत होते. "भाऊ, पोळलं ना?"

आमचे सगळे जातवाले उभे होते. बाबांनी बोटांवर फुंकर मारली आणि तिथंच मातीत बसकण मारली. "पोळलं त पोळलं. वाढ आता. भूक लागून राहिली."

आज दोघंही नाहीत. त्रैक्य मला अजून धड समजलेलं नाही. पण पळसाच्या पानावर भात वाढताना जन्मभर बडबडणारे काका त्रैक्य विसरले आणि बाबांची बोटं पुन्हा पोळू नयेत म्हणून भातावर फुंकर मारत राहिले, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.