डावा हात वर

राणीसावरगावच्या हायस्कुलात रंगनाथ मास्तर बरीच वर्षं इतिहास शिकवत होते, पण नोकरी हंगामीच. उन्हाळ्यात सुटायची, जूनमध्ये पुन्हा लागायची. त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीनं, लोखंडी पलंगसुद्धा कायमची आर्डर येईस्तोवर तहकूब ठेवला होता.

शहात्तर साली तपासणीला साहेब यायचे ठरले. त्यांच्या शेऱ्यावर आर्डर अवलंबून. आणि नववीचं पुस्तक नेमकं फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर येऊन बसलं! देशात आणीबाणी. शेजारच्या तालुक्यातल्या एका मास्तरला पारावरच्या बोलण्यापायी पोलिसांनी उचललेलं. मास्तरांनी धडा चार वाक्यांत उरकला. राजा होता, भाकर महाग झाली, लोक चिडले, राजा गेला.

"कुठं गेला, सर?"

"गेला म्हंजे गेला. पुढचं पान काढा."

हेडमास्तर दिनकरराव म्हणाले, "धडा गाळू नका, साहेब विचारतेत. अन् लय शिकवूबी नका, साहेब ऐकतेत."

तपासणीचा शाळेतला रिवाज जुना होता. हात सगळ्यांनी वर करायचा. येतंय त्यानं उजवा, येत न्हाई त्यानं डावा. मास्तर उजवेच उठवणार. यंदा त्यांनी भर घातली, "ज्याला जास्तीचं येतंय, त्यानंबी डावाच."

जास्तीचं येणारी एकटी सत्यशीला. तिचे वडील लिंबाजी सालगडी, निरक्षर, पण पोरीकडून पुस्तक वाचून घ्यायचे आणि "मंग फुडं?" म्हणून खोदून विचारायचे. मास्तरांनी उरकलेलं पान त्या घरात तोंडपाठ होतं.

साहेब आले. "लोकांनी तुरुंग का फोडला?" वर्गभर हात उभे. मास्तर एका उजव्या हाताकडं बोट करणार, तोच साहेब हसले. "थांबा. मीही मास्तरकीच केलीय. ती डाव्या हाताची मुलगी सांगेल."

सत्यशीला उठली. "राजा खटला न चालवता कुणालाबी कोंडायचा. तोंड उघडलं की आत. लोकांनी तुरुंग फोडला, मग राजाचं मुंडकं उडवलं. मग एकमेकांचीबी उडवाय लागले."

मास्तर खिडकी लावायला धावले.

"कुणी शिकवलं हे?" साहेबांनी विचारलं.

"सरांनी न्हाई. सरांनी हे सांगू नका म्हणून शिकवलं."

साहेबांनी दाराकडं पाहिलं. दारात दिनकरराव. साहेब त्यांना भ्याले, ते साहेबांना; कोण कुणाचं वर कळवील, नेम नव्हता. चष्मा पुसून पुसून झाल्यावर साहेब पुटपुटले, "पुस्तकात आहे तेच बोलली. बस, बाळ."

चहाच्या वेळी मास्तरांनी धीर केला. "साहेब, शेरा?"

"चांगला द्यावा तर वरचे विचारतील, मुलगी असं बोलली तरी चांगला कसा? वाईट द्यावा तर मलाच सांगावं लागेल, काय बोलली ते. तुम्ही आहात तसेच राहा. पुढच्या वर्षी बघू."

"पलंगाचं काय?" घरी रुख्मिणीनं विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी उरकलेल्या धड्याचं शेवटचं पान पुन्हा काढलं होतं. व्हरांड्यात दिनकररावांच्या चपला वाजत होत्या. सत्यशीलानं डावा हात वर केला.

"हात खाली घे," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "मला माहीत हाय तू काय इचारणार ते."

"सर, पाणी प्यायला जाऊ?"

वर्ग खदखदून हसला. मास्तरांनी मान हलवली. ती गेली तशी ते पुस्तकात पाहत राहिले. पान काही उलटलं नाही.