चार पेले

लोखा गावच्या बाजारात ओबदुलियाच्या हातचा ओर्चाता प्यायला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. तेवीस तऱ्हेच्या पाल्याचा लाल काढा, वरून लिंबू पिळलेलं. कुणाचं पोट बिघडो नाहीतर मन, ही बाई पेला पुढे करणारच. नको म्हणायची सोयच नसे.

मग नवऱ्यालाच काही झाल्यावर तिने दुसरं काय करावं? नवरा, आमाब्ले, गिटारी दुरुस्त करायचा. त्याचा डावा हात आणि डावा गाल दिवसातून पन्नासदा क्षणभर खेचले जाऊ लागले. हातातली पटाशी गळून पडे.

"वारं लागलंय गं," शेजारीण मेर्सी म्हणाली.

ओबदुलियाने काढा वाढवला. दिवसाला दहा-बारा पेले. तो बिचारा निमूट प्यायचा. मग एकच प्रश्न चारदा विचारू लागला, आणि एका दुपारी मोठा झटका येऊन दुकानातच कोसळला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की रोगांशी लढणारी शरीराची फौज स्वतःच्याच मेंदूवर उलटली आहे. त्यापायी पाणी अंगात साठतं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं.

"मग मीठ घालून पाजते की!"

"पाणी कमी करा, मावशी. दिवसभरात चार पेले, सगळं धरून."

"आणि मी पाजलं ते?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार तुमच्यामुळे नाही झाला. पण मीठ त्यानं आणखी उतरलं."

आपण विषच पाजलं, हे ओबदुलियाच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

औषधांनी झटके थांबले. आठवण मात्र परतली नाही, आणि मीठ अजून डळमळत होतं म्हणून घरीही चारच पेले. प्यायलेलं तो पाच मिनिटांत विसरायचा.

"सकाळपासून घोटभर दिलं नाहीस!"

"अहो, आत्ताच तर घेतलंत."

"खोटारडी!"

मेर्सीसमोर तो हात पसरायचा. मेर्सी ओबदुलियाकडे अशी बघायची, की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जन्मभर अख्ख्या बाजाराला पाजलं, आणि घरातलाच माणूस तहानलेला.

काल चौथा पेला दुपारीच संपला. त्याने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली, तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि परक्या बाईशी बोलावं तसा अदबीने म्हणाला, "बाई, रागावू नका. बाजारात ओबदुलिया म्हणून एक आहे. तिला तेवढा निरोप धाडा. ती कुणाला नाही म्हणत नाही."

"धाडते हं," ओबदुलिया म्हणाली.