सारसाचं दुसरं अंडं

सरकारी टोपी दिसली की आधी वस्तू लपवायची आणि मग कारण विचारायचं, अशी जमुनाबाईची रीत होती. इंग्रजांच्या राज्यात ही रीत काही वावगी नव्हती.

अर्जुनी मोरगावच्या तलावाखाली तिची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. तिच्या पाणथळ कोपऱ्यात दर पावसाळ्यात सारसाचं जोडपं घरटं घाली. नवरा गेल्यापासून जमुनाबाई त्या कोपऱ्यात रोवणीच करत नसे. चार मुठी धान गेलं तर गेलं, पण सारस तिला घरच्यासारखे वाटत.

मागच्या साली एका गोऱ्या साहेबाला तिनंच हौसेनं घरटं दाखवलं. त्या बाबानं अंड्यांना भोकं पाडली, आतला बलक बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर ओतला आणि कवचं कापसात गुंडाळून नेली. सारस कितीतरी दिवस ओरडत फिरले. जमुनाबाईनं तेव्हाच कानाला खडा लावला.

म्हणून यंदा दुसरा साहेब येतोय, असं चपराशी केवलरामनं सांगताच तिनं कमरेला पदर खोचला.

"हा अंडे नेत नाई, बाई. मोजते अन् लिवते फक्त," केवलराम म्हणाला.

"फुकट कोन मोजते जी? जमीन मोजली, मंग सारा बसला. जंगल मोजलं, मंग सरपन बंद झालं. आता अंडे मोजून राहिले!"

साहेब पोचायच्या आत ती बांधीत उतरली. सारस चोच उगारून अंगावर आला, तरी हटली नाही. दोन्ही अंडी पदरात घेऊन घरी आली आणि कोंड्याच्या टोपलीत पुरली.

रिकामं घरटं पाहून साहेब निघून जाईल, असा तिचा हिशेब. पण अंडी गेली कुठं याचा छडा लावायला हा पठ्ठ्या छत्री उघडून धुऱ्यावरच ठाण मांडून बसला! दुपार टळली. तिकडं सारस घरट्याभोवती ओरडत होते, इकडं कोंड्यात हात घालावा तर अंडी गार पडत चाललेली. जमुनाबाईचा जीव कासावीस झाला. साहेबावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

साहेबादेखत तिनं अंडी घरट्यात नेऊन ठेवली आणि विळा घेऊन बाजूला उभी राहिली. साहेबानं एकेक अंडं मोजलं, लिहून घेतलं, परत ठेवलं आणि मागं सरला. सारस परतले, त्यातला एक अंड्यांवर बसला, तेव्हा कुठं तिनं विळा खाली केला.

पिल्लू एकच निघालं.

दिवाळीआधी साहेब पुन्हा आला. केवलरामनं विचारलं, "दुसरं अंडं काऊन खराब झालं, साहेब पुसून राहिले. पाऊस लय झाला म्हून लिवू का?"

नुसती मान हलवली असती तरी सुटली असती. आपलं नाव सरकारी कागदावर चढायची तिला भारी धास्ती होती. पण आईबापांच्या मागं एकटंच चालणारं ते पिल्लू पाहून तिला भरून आलं.

"पावसावर कायले ढकलता जी? जमुनाबाईच्या घरी थंड झालं म्हून लिवा," ती म्हणाली. "अन् काय लिवलं, ते वाचून दाखवा."