दिसलं का वाटलं

माझी मुलगी शाळेत होती तेव्हा खांद्यावरचं दप्तर उतरायच्या आधीच तिचं सांगणं सुरू व्हायचं. मी ओट्याशी पोळ्या लाटत असायचे आणि ती फ्रिजला टेकून उभी. कोणी कोणाशी कट्टी घेतली, बाईंनी कोणाला बाकावर उभं केलं, डब्यातली भाजी कोणी पळवली. मी वैतागून म्हणायचे, "अगं, जरा दम खा, बाई!" हे गेल्यापासून नगरला सावेडीतल्या त्याच स्वयंपाकघरात मी एकटी असते, आणि ती टकळी ऐकायला जीव आसुसतो.

ती पुण्यात नोकरी करते. रोज संध्याकाळी नेमाने फोन येतो. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो. चार मिनिटांत आटोपतं. मी समजूत घालून घेतली होती, मोठी झाली, कामं वाढली. खरं कारण मला नणंदेकडून कळलं.

ही माझी थोरली नणंद नेवाशाजवळच्या वस्तीवर राहते. गाई, कांदा, ऊस सगळं तीच बघते. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते. बोलता बोलता ती म्हणाली, "पोरगी डेंगूतून उठली खरी, पर लई वाळली हुती."

"कोण पोरगी?" मी विचारलं, आणि तिनं जीभ चावली.

माझीच पोरगी. आठ दिवस दवाखान्यात होती. आत्या पुण्याला जाऊन तिच्या उशाशी बसून आली होती आणि मला पत्ताच नव्हता. दवाखान्याच्या कॉटवरून ती मला रोज "जेवले" म्हणून सांगत होती.

"मला का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तीच म्हनली, आईला सांगू नगं. आई घाबरती, मंग मलाच तिला सांभाळावं लागतंय."

मी तिथेच, गोठ्यासमोर बसून रडले. राग येऊन उपयोग नव्हता, कारण ते खरं होतं. एकदा तिनं फोन उचलला नाही म्हणून मी सतरा वेळा लावला, मग तिच्या मैत्रिणीला, मग घरमालकांना. ते भले गृहस्थ तिच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभे राहिले. ती मीटिंगमध्ये होती. मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. पक्ष आणि साध्य यांच्यामध्ये सिद्धता लिहिली नाही तर पोरांचे मार्क कापायचे. घरी मात्र फोन वाजून थांबला, की माझं उत्तर तयार असायचं: अपघात.

"काय करू, मला वाटतंच तसं," मी डोळे पुसत म्हणाले.

नणंद पाट्यावर हिरव्या मिरच्या आणि शेंगदाणे ठेवत होती. "तुला दिसलं का वाटलं?"

"वाटलं."

"मंग वाटायचंच आसंल तर हे वाट!" असं म्हणत तिनं वरवंटा माझ्याकडे सरकवला. रडता रडता मला हसू फुटलं.

मनात येतं त्यालाही आपण वाटणं म्हणतो आणि जिवाला होतं त्यालाही. माझा तर दोन्हींत कायमचा घोळ. आधी विचार यायचा, त्यानं पोटात गोळा उठायचा, आणि पोटात गोळा उठलाय म्हणजे काहीतरी झालंच असणार, हा वर पुरावा! घरी आल्यावर मी स्वतःला मोठ्यानं सांगायला लागले, "दिसलंय एवढंच, की तिनं फोन उचलला नाही." पहिला महिनाभर काडीचाही फरक पडला नाही. छाती धडधडायची ती धडधडायचीच. मग मी फोन बाहेरच्या खोलीत ठेवून मेथी निवडायला बसू लागले. अर्धी जुडी होईपर्यंत लावायचा नाही. बहुतेकदा तेवढ्यात तिचाच यायचा. कधी कधी चार काड्यांतच माझा धीर सुटायचा, हेही सांगायला हवं.

तिला यातलं काही बोलले नाही. मी बदलतेय, असं फोनवर सांगून कोणाचा विश्वास बसतो? मी नुसती वाट बघत राहिले.

गेल्या रविवारी भरदुपारी तिचा फोन आला. "आई, एक सांगायचंय, पण तू आधी बस."

मी बसले.

"परवा स्कूटीवरून पडले. डाव्या हाताला प्लास्टर आहे."

डोक्याला लागलं का, हेल्मेट होतं का, मी आत्ता निघते, सगळं एकदम ओठांवर आलं. मी ते गिळलं आणि विचारलं, "कशी पडलीस?"

मग ती सांगत सुटली. वळणावरची खडी, उचलायला धावलेले काका, त्यांनी बळेच पाजलेला गोडमिट्ट चहा, ऑफिसातल्या मुलीनं प्लास्टरवर काढलेलं मिशाळ मांजर. मी खुर्चीचा हात घट्ट धरून ऐकत होते. पाऊण तास झाला असेल. मध्येच ती थांबली.

"आई, तू घाबरली नाहीस?"

"घाबरले ना. हात गार पडलेत माझे."

"मग?"

"मग काय? तरी सांगत जा. सगळं सांगत जा मला."

मग इतका वेळ हसत बोलणारी माझी पोरगी एकदम रडायलाच लागली.

"आई, खूप दुखतंय गं."