सात नंबरचा बिल्ला

वनखात्याच्या चौकीवर अठरा वर्षं मजुरी केलेल्या त्या माणसाला सगळे मौनी म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, ते तिथेच राहिलं. बायको म्हणायची, "आमच्या घरातला बोलण्याचा सगळा वाटा माझ्याकडे आलाय, यांच्याकडे नुसतं ऐकणं." त्यामुळे मोठ्या बाबूंनी जेव्हा जाहीर केलं, की वणव्यात गेलेल्या साहेबांच्या स्मारकावरचा पडदा मौनीने ओढायचा आणि दोन शब्द बोलायचे, तेव्हा सगळं ऑफिस हसलं.

"दोनच ना?" टायपिस्ट बाई म्हणाल्या. "मग जमेल. 'या' आणि 'बसा'."

मौनीही हसला. पण त्याला धास्ती होती ती काही भाषणाची नव्हती.

स्मारकाचा दगड आला होता. पाथरवटाने तो गोणपाटात गुंडाळून व्हरांड्यात उभा करून ठेवला होता. मौनीने जाता येता गोणपाटाची कड वर करून तीन वेळा वाचलं. 'जंगल वाचवताना ज्यांनी प्राण दिले.' खाली साहेबांचं नाव आणि गेल्या उन्हाळ्यातली तारीख. तारीख बरोबर होती. पहिली ओळ बरोबर नव्हती, आणि हे जगात एकट्या मौनीला माहीत होतं.

दगडाशेजारी एक फळीही लावायची ठरली होती. चौकीच्या फाटकावरची ती जुनी फळी, बारा खिळ्यांची. साहेबांनी आल्या आल्या नियम घातला होता, की आग विझवायला आत जाताना प्रत्येकाने आपला पत्र्याचा बिल्ला खिळ्यावर अडकवायचा आणि बाहेर आलं की काढून घ्यायचा. "आत कोण राहिलंय ते मला फळी सांगते," साहेब म्हणायचे. "फळी रिकामी झाल्याशिवाय मी फाटक सोडणार नाही." माणसं कुरकुर करायची. दमून भागून यायचं आणि आधी बिल्ला काढायचा, म्हणजे शाळेचीच गत. साहेब ऐकायचे नाहीत.

मौनीचा खिळा सातवा.

वणव्याच्या त्या दिवशी दुपारी वारा फिरला. साहेबांची शिट्टी झाली तशी माणसं मागे वळली, पण मौनी ओढ्याच्या बाजूला एकटा होता आणि वाट धुराने भरली होती. तो ओढ्याच्या कोरड्या पात्रातून खाली उतरत गेला, तो थेट रस्त्यावर निघाला. चौकी वर, चढावर, अर्ध्या तासाच्या चालीवर. पायाचे तळवे पोळलेले, घशाला कोरड. रस्त्याकडेला एक हातपंप होता. तिथे तो पाणी प्यायला, पाय धुऊन सावलीत बसला. थोडा वेळ, असं त्याला वाटलं. झाला तासभर. जीव वाचलाय, आता बिल्ल्याचं काय, जाऊन काढू, अशा विचारात.

तो चौकीवर पोचला तेव्हा फाटकापाशी कोणी नव्हतं. दोघांच्या छातीत धूर गेला म्हणून साहेबांनी सगळ्यांना गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं होतं आणि स्वतः एकटे मागे थांबले होते. फळीवर एकच बिल्ला होता. सात नंबरचा. साहेब नव्हते.

मौनीने हाका मारल्या. आयुष्यात तो तेवढा कधी ओरडला नव्हता. गाडी परत आल्यावर सगळे मिळून शोधायला निघाले, आणि साहेब सापडले ते ओढ्याच्या वरच्या अंगाला. जिथे मौनी काम करत होता, बरोबर तिथे.

आणि तो बिल्ला? तो मौनीच्या खिशात होता. कधी काढला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चौकशीत सगळे म्हणाले, साहेब आग बघायला परत गेले असतील, त्यांना जंगलाचं वेडच होतं. धांदलीत मौनी गाडीत नव्हता हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यामुळे त्याला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तो मनाशी म्हणायचा. देवापुढे उभा राहिला की मात्र हे वाक्य त्याच्याच्याने पुरं होत नसे. वर्षभर तोंडात मिठाची गुळणी.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले तेव्हा मोठ्या बाबूंनी त्याला बोलावलं.

"वहिनी येत नाही म्हणतात. पत्र पाठवलं, फोन केला. तू जाऊन बघ. साहेबांचा तू लाडका."

"मी काय बोलणार?"

"तेच तर. आम्ही बोलून बोलून थकलो. आता न बोलणारा पाठवून बघतो."

घरी साहेबांच्या पत्नी मुलीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली.

"बाबूंनी पाठवलं ना? त्यांना सांगा, मला राग नाही कोणाचा. पण त्या दगडाला मी फुलं वाहणार नाही."

त्यांनी पुढचा कपडा टेबलावर पसरला.

"झाडं पुन्हा उगवतात, मौनीभाऊ. तुमच्या चौकीमागे आलीसुद्धा असतील हातभर. पोरगी मला विचारते, बाबांना आपल्यापेक्षा झाडं आवडायची का? काय सांगू? दगडावरही तेच कोरलंय म्हणे."

मौनीने पेला जमिनीवर ठेवला. आत्ता उठून गेलो तरी चालेल, असं त्याच्या मनात आलं. येत नाहीत म्हणून बाबूंना सांगायचं, पडदा ओढायचा, संपलं. वर्ष निघालं, तशी पुढचीही निघतील. मग त्याने खिशात हात घातला आणि बिल्ला इस्त्रीच्या टेबलावर ठेवला.

"वहिनी, साहेब झाडांसाठी नव्हते गेले. मला शोधायला गेले होते."

आणि त्याने सगळं सांगितलं. ओढा, रस्ता, हातपंप. अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"किती वेळ बसला होतात तिथे?"

"तासभर."

कापड करपल्याचा वास आला. त्यांनी इस्त्री उचलली, बटण बंद केलं. बाहीवर तपकिरी डाग पडला होता. त्या डागावरून त्या बोट फिरवत राहिल्या.

"तुम्ही जा आता," त्या म्हणाल्या. "आणि हा घेऊन जा."

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती बडबडी बाई पहिल्यांदाच गप्प बसली, आणि त्याला ते सगळ्यात भयंकर वाटलं. मग ती एवढंच म्हणाली, "अहो, नोकरी जायची ती जाऊ दे. पण त्या बाईला सांगितलेलं आता फिरवू नका."

कार्यक्रमाच्या सकाळी खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत दोन रिकाम्या. मौनी माणसं मोजत होता, पुन्हा मोजत होता. त्या येतील? येऊन सगळ्यांदेखत बोलतील? की येणारच नाहीत, आणि हे असंच लटकत राहील? मोठे बाबू घड्याळ बघायला लागले, तेवढ्यात फाटकातून त्या मुलीचा हात धरून आत आल्या. खुर्चीकडे न जाता सरळ फळीपाशी गेल्या.

"यातला सातवा खिळा कुठला?"

मौनीने बोट दाखवलं.

"लावा."

त्याने बिल्ला अडकवला. पत्रा लाकडावर वाजला. माणसांमध्ये कुजबुज झाली. त्या फळीकडे बघत उभ्या राहिल्या, एखादं माणूस उशिरा येणाऱ्याची वाट बघत उभं राहतं तशा. मुलगीही बघत होती.

"आता काढा," त्या म्हणाल्या. "त्यांना फळी रिकामी झालेली बघायची होती."

मौनीने बिल्ला काढला. बारा खिळे, बाराही मोकळे.

"मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही, मौनीभाऊ," त्या हळूच, त्याच्यापुरतंच म्हणाल्या. "ते माझं मी बघेन, देव बघेल. पण हिचे बाबा कोणासाठी गेले, ते हिला तुमच्या तोंडून कळू दे. या सगळ्यांनाही."

त्या मुलीला घेऊन पुढच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मोठ्या बाबूंनी काही न समजून माईक पुढे केला आणि कानात सांगितलं, "दोनच शब्द रे, वरून आलेल्या साहेब लोकांना जायचंय."

मौनीने मुठीतला बिल्ला घट्ट धरला.

"दोन शब्दांत नाही होणार, बाबू," तो म्हणाला, आणि मुलीकडे बघून बोलायला लागला.