काजलच्या पेपरचा जादा तास

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से न मागता गोळा होतात. गेल्या वर्षी मात्र आमचे सगळे किस्से एकाच मुलीच्या पेपरभोवती साचले. मुलगी म्हणजे दहावीतली काजल. डोकं तल्लख, पण वाचायला बसली की ओळी एकमेकींत घुसायच्या. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात. तिचा अर्ज मीच भरला होता, त्यामुळे बोलणीही मलाच खावी लागली.

*

बातमी गावात फुटली आणि दुसऱ्याच दिवशी एक पालक हजर.

"मॅडम, आमच्या पोरालाबी जादा टाईम द्या."

"त्याला वाचायला त्रास होतो का?"

"लई. पुस्तक समोर धरलं की झोप येती."

मी म्हटलं, हा त्रास आम्हा शिक्षकांनाही आहे. ते म्हणाले, "मग तुमीबी घ्या की."

*

शाळा समितीचे अध्यक्ष आबा. त्यांनी मीटिंगमध्येच विषय काढला.

"आज तुम्ही टाईम द्याल. उद्या ही कंपनीत लागली, तवा कोण थांबणार हाय हिच्यासाठी? नोकरी घड्याळावर चालती, मॅडम."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीटिंग दहाची होती. आबा पावणेबाराला आले होते आणि तोवर आमचा दोनदा चहा झाला होता.

*

शिंदे सर गणिताचे, दौंडहून येतात, तत्त्वाला एकदम पक्के. "हुशार मुलांवर हा अन्याय आहे. वेळेत जमतं त्यालाच मार्क," हे त्यांचं मत.

त्याच महिन्यात आम्हा शिक्षकांना ऑनलाइन ट्रेनिंग लागलं आणि शेवटी मोबाईलवर टेस्ट. मुदतीच्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तारीख वाढली का हो?"

वाढली होती, तिसऱ्यांदा! सर वाढीव तारखेच्या शेवटच्या दिवशी पास झाले आणि त्यांनी स्टाफला पेढे वाटले. पेढे चांगले होते.

*

सराव परीक्षेत काजल घंटा झाल्या झाल्या पेपर देऊन बाहेर. मी भडकले.

"अगं, दोन प्रश्न कोरे ठेवलेस. तुझा वेळ होता ना अजून?"

"बाबांची बस जाती, मॅडम."

तिचे वडील बाळूदादा एमआयडीसीतल्या एका कंपनीची बस चालवतात. दुपारच्या शिफ्टची माणसं आमच्या फाट्यावरून उचलायची आणि जाताना वाटेत काजलला वस्तीवर सोडायचं, असा त्यांचा नेम. वस्तीवर जायला दुसरं वाहन नाही. मी स्कूटीवर सोडते म्हटलं, तर दादा म्हणाले, "दर पेपरला कुणाचं उपकार घ्यायचं? आन् बस लेट झाली तर माझं काम जाईल. आबा म्हणत्यात ते खोटं न्हाई. पोरीला सवय नको लागाया."

मला रागही आला आणि वाईटही वाटलं. इंग्रजीत ही मुलगी नापास होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

*

बोर्डाचा इंग्रजीचा पेपर आमच्याच शाळेत होता. मी गेटवर ड्युटीला होते. दोनची घंटा झाली, मुलं निघाली. जादा वेळेसाठी काजलला गेटलगतची वेगळी खोली दिली होती. तिनं सवयीनं पेन बंद केलं आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

बस आज फाट्यावर नव्हती. माणसं भरून थेट गेटसमोर उभी होती, बॉनेट वर आणि दादांचं डोकं आत. काजल थोडा वेळ बघत राहिली, मग परत लिहायला लागली.

बसमधून शिफ्टबरोबर जाणारे कंपनीचे साहेब उतरले. पाच मिनिटं उशीर झाला तरी अर्धा दिवस कापणारा माणूस, अशी त्यांची ख्याती.

"काय झालं?"

"बिघाड हाय, साहेब."

"किती वेळ लागेल?"

दादांनी वर न बघता सांगितलं, "तीनपत्तूर."

साहेब स्वतः बॉनेटमध्ये वाकले. बराच वेळ त्यांनी इंजिन तपासलं. मग मान वर करून दादांकडे बघितलं, दादा बघत होते त्या खिडकीकडे बघितलं आणि फोन लावला.

"आजची शिफ्ट उशिरा धरा. मोठा बिघाड आहे, मी स्वतः बघितलाय."

फोन खिशात ठेवून ते दादांना म्हणाले, "घाई करू नका. नीट होऊ द्या."